नॉर्मन रॉबर्ट पॉगसन

नॉर्मन रॉबर्ट पॉगसन (२३ मार्च, १८२९:नॉटिंगहॅम, इंग्लंड - २३ जून, १८९१:मद्रास, ब्रिटिश भारत) हे एक इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ होते. ताऱ्यांची तेजस्विता मोजण्यासाठी आज जगभर वापरले जाणारे दृश्यप्रतीचे प्रमाण त्यांनी १८५६मध्ये सुचवले. मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधील लघुग्रह पट्ट्यातले आठ लघुग्रह त्यांनी शोधले. त्यांपैकी तीन ऑक्सफर्डच्या वास्तव्यात आणि पाच मद्रासमध्ये. १७ एप्रिल, १८६१ रोजी मद्रास येथून शोधलेला ६७ एशिया हा आशिया खंडातून शोधला गेलेला पहिला लघुग्रह होय. १८६१पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे तीस वर्षे, ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख होते.

बालपण आणि शिक्षण

पॉगसन यांचा जन्म नॉटिंगहॅम येथे झाला. त्यांचे वडील जॉर्ज ओवेन पॉगसन हे विणलेले कपडे व लेस यांचे व्यापारी होते. मुलाने हाच व्यवसाय पुढे चालवावा अशी घरची अपेक्षा होती, परंतु नॉर्मन यांचा ओढा लहानपणापासून गणित आणि विज्ञान यांकडे होता व त्याला आईचे प्रोत्साहन होते. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली. विद्यापीठाचे शिक्षण त्यांना मिळाले नाही.

मूळचे नॉटिंगहॅमचेच असलेले खगोलशास्त्रज्ञ जॉन रसेल हिंड यांनी त्यांना या शास्त्राची दिशा दाखवली. हिंड त्या काळी लंडनमधील जॉर्ज बिशप यांच्या खाजगी वेधशाळेत काम करीत आणि लघुग्रहांचे शोधक म्हणून त्यांचे नाव झाले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पॉगसन यांनी अठराव्या वर्षीच धूमकेतूंच्या कक्षांचे गणित केले. १८५१मध्ये ते बिशप यांच्या वेधशाळेत सहायक झाले आणि १८५२मध्ये ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत रुजू झाले.

ऑक्सफर्ड

रॅडक्लिफ वेधशाळेचे प्रमुख मॅन्युएल जॉन्सन होते. तेथे दिवसपाळी-रात्रपाळीचे नेमून दिलेले काम संभाळून पॉगसन उरलेल्या वेळात रूपविकारी ताऱ्यांचे, म्हणजे ज्यांची तेजस्विता कमीअधिक होत राहते अशा ताऱ्यांचे, वेध घेत. १८५४मध्ये ग्रिनिचचे राजज्योतिर्विद जॉर्ज एअरी यांनी हार्टन येथील कोळशाच्या खाणीत लंबकाच्या साह्याने पृथ्वीची घनता काढण्याचा प्रयोग केला. त्यातील निरीक्षकांमध्ये पॉगसन यांचा समावेश होता.

२३ मे, १८५६ रोजी त्यांनी आपला पहिला लघुग्रह शोधला. जॉन्सन यांनी त्याचे नाव ४२ आयसिस असे ठेवले. हे प्राचीन इजिप्तमधील एका देवतेचे नाव आहे. ऑक्सफर्डजवळ थेम्स नदीलाही आयसिस म्हणतात आणि पॉगसन यांच्या तीन वर्षांच्या कन्येचे, एलिझाबेथचे, मधले नावही हेच होते. या शोधासाठी त्यांना फ्रान्सचे लालांद पदक मिळाले. पुढच्याच वर्षी त्यांनी ४३ एरियाड्ने आणि ४६ हेस्टिया हे लघुग्रह शोधले. त्यानंतर ते जॉन ली यांच्या हार्टवेल येथील खाजगी वेधशाळेचे प्रमुख झाले. मे १८६०मध्ये मेसिए ८० या तारकागुच्छात एक नवतारा प्रकटला. जर्मनीत आर्थर ऑवर्स यांनी तो काही दिवस आधी पाहिला होता. पॉगसन यांनी तो स्वतंत्रपणे ओळखला.

दृश्यप्रतीचे प्रमाण

ताऱ्यांची तेजस्वितेनुसार वर्गवारी करण्याची पद्धत ग्रीक काळापासून चालत आलेली आहे. सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे तारे सहाव्या प्रतीचे, अशी ती विभागणी होती. म्हणजे प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक. दुर्बिणीतून दिसणाऱ्या अंधुक ताऱ्यांसाठी ही वर्गवारी पुढे वाढवली गेली, पण प्रत्येक निरीक्षक ती आपापल्या अंदाजाने वाढवी. त्यामुळे एकाच्या मते दहाव्या प्रतीचा असलेला तारा दुसऱ्याच्या सूचीत बाराव्या प्रतीचा ठरे.

लघुग्रहांच्या बाबतीत ही अडचण अधिक जाणवे. लघुग्रह स्वतः प्रकाश देत नाहीत, ते सूर्यप्रकाश परावर्तित करतात. त्यांचे सूर्यापासूनचे आणि पृथ्वीपासूनचे अंतर सतत बदलत असल्यामुळे त्यांची तेजस्विताही बदलते. एखादा लघुग्रह अमुक महिन्यात किती अंधुक असेल हे आधी माहीत नसेल, तर कोणत्या दुर्बिणीने आणि कोणत्या ताऱ्यांमध्ये तो शोधायचा हे ठरवता येत नाही. पॉगसन यांनी १८५७ सालातील प्रत्येक महिन्याच्या पहिल्या दिवशी ३६ लघुग्रहांची दृश्यप्रत किती असेल याचे कोष्टक तयार केले आणि ते १८५६च्या अखेरीस रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात प्रसिद्ध झाले. या कोष्टकासोबतच त्यांनी आपले प्रमाण मांडले.

पहिल्या प्रतीच्या ताऱ्यापासून सहाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या सुमारे शंभरपट प्रकाश मिळतो, हे आधीच्या निरीक्षकांच्या ध्यानात आले होते. लागोपाठच्या दोन प्रतींमधील गुणोत्तर निरनिराळ्या वेधांवरून अडीचच्या आसपास येई. पॉगसन यांनी २.५१२ हा आकडा निवडला. याचे कारण व्यावहारिक होते. या संख्येचा लॉगरिथम ०.४ हा सुटसुटीत आकडा आहे, त्यामुळे लॉग कोष्टकांनी करायचे गणित सोपे होते, शिवाय २.५१२ ही संख्या पाच वेळा गुणली असता जवळजवळ नेमके १०० येतात. म्हणजे पाच प्रतींचा फरक हा शंभरपट प्रकाशाचा आणि दहा प्रतींचा फरक दहा हजारपट प्रकाशाचा ठरतो.

हे प्रमाण लगेच सर्वमान्य झाले नाही. १८८०च्या दशकात हार्वर्ड वेधशाळेत एडवर्ड पिकरिंग यांनी हजारो ताऱ्यांचे प्रकाशमापन करताना ते स्वीकारले आणि त्यानंतर ते रूढ झाले. यातील २.५१२ या संख्येस पॉगसन गुणोत्तर असे म्हणतात.

मद्रास वेधशाळा

मद्रासची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील होती. विल्यम पेट्री यांनी १७८६मध्ये सुरू केलेल्या खाजगी वेधशाळेतून ती उगम पावली आणि १७९२मध्ये नुंगमबाक्कम येथे तिची इमारत उभी राहिली. पॉगसन यांच्या आधीच्या प्रमुखांपैकी कॅप्टन विल्यम जेकब यांचा महाराष्ट्राशी संबंध आला. मद्रास सोडल्यानंतर पुण्याच्या परिसरात डोंगरावर वेधशाळा उभारण्यासाठी ते १८६२मध्ये परत भारतात आले, परंतु आल्यानंतर काही दिवसांतच पुण्यात त्यांचे निधन झाले.

पॉगसन यांची नेमणूक १८६०मध्ये झाली आणि १८६१च्या आरंभी त्यांनी मद्रासला कार्यभार हाती घेतला. वेधशाळेची कामे अनेक प्रकारची होती. याम्योत्तर वृत्तावरून जाणाऱ्या ताऱ्यांची स्थाने मोजणे, हवामानाच्या नोंदी ठेवणे आणि अचूक वेळ पुरवणे ही त्यांतली प्रमुख होत. येथील वेळ तारायंत्राद्वारे कळवली जाई व मद्रास वेळ हीच पुढे भारतातील रेल्वेची वेळ बनली. १९०६पासून भारतीय प्रमाणवेळ लागू होईपर्यंत हे चालू राहिले. एवढ्या कामांसाठी पॉगसन यांच्या हाताखाली मोजकेच भारतीय सहायक होते.

एशिया आणि इतर लघुग्रह

मद्रासला आल्यानंतर काही आठवड्यांतच, १७ एप्रिल, १८६१ रोजी, पॉगसन यांना एक नवा लघुग्रह सापडला. या खंडातून झालेला हा पहिलाच शोध असल्यामुळे त्यांनी त्याला एशिया हे नाव दिले. एशिया सूर्याभोवती सुमारे तीन वर्षे नऊ महिन्यांत एक फेरी पूर्ण करतो. पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे २.४ पट अंतरावरून तो फिरतो आणि त्याचा व्यास सुमारे ६० किलोमीटर आहे.

त्या काळी लघुग्रह शोधण्याचे काम सर्वस्वी डोळ्यांवर अवलंबून होते. दुर्बिणीतून लघुग्रह हा ताऱ्यासारखाच ठिपका दिसतो. तो ओळखण्याची खूण म्हणजे त्याची हालचाल. यासाठी आकाशाच्या एका लहान भागातील सर्व अंधुक तारे नकाशावर मांडावे लागत. पुढच्या रात्री तोच भाग नकाशाशी ताडून पाहायचा आणि एखादा ठिपका जागेवरून सरकलेला आढळला, तर त्याच्या स्थानाचे पुन्हा पुन्हा वेध घ्यायचे, अशी ही पद्धत होती. चांगले नकाशे नसलेल्या भागात निरीक्षकाला ते आधी स्वतः तयार करावे लागत. ताऱ्यांची तेजस्विता नेमकी ओळखण्याचा जो सराव पॉगसन यांना रूपविकारी ताऱ्यांमुळे झाला होता, तो येथे उपयोगी पडला.

यानंतर त्यांनी मद्रासहून ८० सॅफो (१८६४), ८७ सिल्व्हिया (१८६६), १०७ कॅमिला (१८६८) आणि २४५ व्हेरा (१८८५) हे लघुग्रह शोधले. यांपैकी सिल्व्हिया पट्ट्याच्या बाहेरील कडेला आहे. तिच्याभोवती रोम्युलस आणि रीमस असे दोन उपग्रह फिरत असल्याचे २००५मध्ये जाहीर झाले व दोन उपग्रह असल्याचे ज्ञात झालेला तो पहिला लघुग्रह ठरला. ऑक्सफर्ड, हार्टवेल आणि मद्रास येथे मिळून पॉगसन यांनी सुमारे वीस रूपविकारी तारेही शोधले. मँचेस्टरचे रूपविकारी ताऱ्यांचे अभ्यासक जोसेफ बॅक्सेंडेल हे त्यांचे मित्र होते. पुढे ते त्यांचे मेहुणे झाले.

रघुनाथाचारी

पॉगसन यांच्या सहायकांमध्ये चिंतामणी रघुनाथाचारी हे सर्वांत ज्येष्ठ व कुशल होते. पॉगसन येण्याच्या कितीतरी आधीपासून ते वेधशाळेत होते. ताऱ्यांच्या स्थानमापनाचा मोठा भाग त्यांनी पार पाडला. १८६७मध्ये त्यांनी जालक तारकासमूहातील आर रेटिक्युली हा तारा रूपविकारी असल्याचे दाखवून दिले. १८७२मध्ये ते रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सदस्य झाले. १८७४च्या शुक्राच्या अधिक्रमणाची माहिती सामान्य लोकांना व्हावी म्हणून त्यांनी भारतीय भाषांत पुस्तिका काढल्या. पारंपरिक पंचांगांच्या गणितात प्रत्यक्ष वेधांच्या आधारे सुधारणा व्हावी असा त्यांचा आग्रह होता. १८८०मध्ये त्यांचे निधन झाले आणि पॉगसन यांचा मोठा आधार गेला.

१८६८चे सूर्यग्रहण

१८ ऑगस्ट, १८६८ रोजीचे खग्रास सूर्यग्रहण भारताच्या मध्य व दक्षिण भागातून दिसले. ग्रहणात सूर्याच्या कडेला दिसणाऱ्या ज्वालांचा वर्णपट पाहण्याची ही पहिलीच मोठी संधी होती. फ्रान्सचे जूल्स जान्सेन गुंटूर येथे होते, तर लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात होते. पॉगसन यांनी मछलीपट्टणम येथून ग्रहण पाहिले आणि रघुनाथाचारी यांना वेगळ्या पथकाचे प्रमुख करून वनपर्ती येथे पाठवले.

सर्वच पथकांना ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांतील पिवळी रेषा सोडियमच्या रेषांच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ आहे, अशी नोंद पॉगसन यांनी केली. ही रेषा सोडियमची नाही हे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉक्यर यांनी त्याच वर्षी ग्रहणाविना घेतलेल्या वेधांतून निश्चित केले व त्यातून हेलियमचा शोध लागला. पॉगसन यांचा अहवाल मद्रासमध्ये छापला गेला आणि युरोपातील अभ्यासकांपर्यंत फारसा पोहोचला नाही. १८६८मध्ये लॉक्यर भारतात आलेले नव्हते. विजयदुर्ग किल्ल्यावरून त्यांनी पाहिलेले ग्रहण २२ जानेवारी, १८९८ रोजीचे होय.

बीलाच्या धूमकेतूचा शोध

बीलाचा धूमकेतू सुमारे पावणेसात वर्षांनी सूर्याजवळ येत असे. १८४६मध्ये त्याचे दोन तुकडे झालेले दिसले आणि १८५२नंतर तो दिसेनासा झाला. २७ नोव्हेंबर, १८७२ रोजी युरोपातून प्रचंड उल्कावर्षाव दिसला. या उल्का त्याच धूमकेतूच्या कक्षेतून येत होत्या. गटिंगेनचे खगोलशास्त्रज्ञ विल्हेल्म क्लिंकरफ्यूस यांनी असा तर्क केला की, धूमकेतू पृथ्वीला घासून गेला असेल, तर तो आता दक्षिण आकाशात नरतुरंग तारकासमूहात दिसेल. तेथे पाहण्यास त्यांनी पॉगसन यांना तार करून कळवले.

ढगांमुळे सुरुवातीला काही दिसले नाही. डिसेंबरच्या आरंभी एका पहाटे आकाश मोकळे झाले आणि सांगितलेल्या भागात पॉगसन यांना खरोखरच एक धूमकेतू आढळला. दुसऱ्या पहाटेही त्यांनी त्याचे स्थान मोजले. त्यानंतर आकाश पुन्हा झाकोळले. धूमकेतूची कक्षा काढण्यासाठी किमान तीन वेगवेगळ्या वेळची स्थाने लागतात. येथे दोनच दिवसांचे वेध हाती होते. तो बीलाचा धूमकेतू नसावा असे पुढील गणितावरून ठरले. योगायोगाने त्याच दिशेला आलेला तो दुसराच धूमकेतू होता आणि पॉगसन यांच्याखेरीज तो अन्य कोणाला दिसला नाही.

तारकासूची आणि मतभेद

१८६२पासून १८८७पर्यंत पॉगसन आणि त्यांच्या सहायकांनी याम्योत्तर दुर्बिणीने पाच हजारांहून अधिक ताऱ्यांच्या स्थानांचे पन्नास हजारांहून अधिक वेध घेतले. मात्र वेध घेतल्यानंतर त्यांत उपकरणाच्या आणि वातावरणाच्या त्रुटींची दुरुस्ती करून ते छापण्यायोग्य करणे हे काम वेधांइतकेच वेळखाऊ असते. ते करणारी माणसे पुरेशी नव्हती. काम पूर्णपणे तपासल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचे नाही हा पॉगसन यांचा स्वभावही विलंबास कारण झाला. वर्षानुवर्षे वेध साठत गेले आणि छपाई मागे पडत गेली. पहिला खंड १८८७मध्ये निघाला, म्हणजे त्यातील आरंभीच्या वेधांना तोपर्यंत पंचवीस वर्षे झाली होती.

या विलंबाबद्दल लंडनहून विचारणा होऊ लागली. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी आणि ग्रिनिच वेधशाळा यांच्याशी पॉगसन यांचे संबंध बिघडत गेले. ज्यांनी मद्रासची परिस्थिती पाहिलेली नाही त्यांनी आपल्या कामाचा न्याय करावा, हे त्यांना मान्य नव्हते. दुसरीकडे, इंग्लंडमधील शास्त्रज्ञांचे लक्ष आता सूर्याच्या अभ्यासाकडे वळले होते आणि त्यासाठी भारतातील स्वच्छ आकाश त्यांना हवे होते. १८७८पासून डेहराडून येथे सूर्याची रोज छायाचित्रे घेतली जाऊ लागली. पॉगसन यांनी स्वतः १८८२मध्ये दक्षिणेतील डोंगरांवर २० इंची दुर्बीण बसवून सूर्याची व ताऱ्यांची छायाचित्रे व वर्णपट घेण्याची योजना सरकारपुढे ठेवली. पळणी आणि निलगिरी डोंगरांची पाहणी झाली, पण निर्णय होण्यास बरीच वर्षे लागली.

आयसिस पॉगसन

पॉगसन यांच्या पहिल्या पत्नी एलिझाबेथ १८६९मध्ये वारल्या. थोरल्या मुलींपैकी एलिझाबेथ आयसिस (१८५२-१९४५) यांनी भावंडांचे संगोपन केले आणि वडिलांच्या कामातही साहाय्य केले. १८७३मध्ये त्यांची वेधशाळेत सहायक म्हणून अधिकृत नेमणूक झाली. पंचवीस वर्षे त्या या पदावर होत्या. मद्रास सरकारच्या हवामान विभागाचे कामही त्यांनी संभाळले.

१८८६मध्ये पॉगसन यांनी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी कन्येचे नाव सुचवले. सोसायटीच्या सनदेत सदस्यांचा उल्लेख पुल्लिंगी सर्वनामाने केलेला असल्यामुळे स्त्रियांना सदस्य होता येत नाही, असा अर्थ लावण्यात आला आणि तो प्रस्ताव मागे पडला. १९१६पासून सोसायटी स्त्रियांना सदस्यत्व देऊ लागली. ऑक्सफर्डचे प्राध्यापक हर्बर्ट टर्नर यांच्या शिफारशीवरून १९२०मध्ये आयसिस यांची निवड झाली. 

निधन आणि नंतरचा काळ

पॉगसन यांनी १८८३मध्ये दुसरा विवाह केला होता. २३ जून, १८९१ रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये जर्मनीत माक्स वोल्फ यांनी छायाचित्राच्या साह्याने पहिला लघुग्रह शोधला आणि नुसत्या डोळ्यांनी नकाशे ताडून लघुग्रह शोधण्याचे युग संपत आले.

त्यांच्यानंतर चार्ल्स मिची स्मिथ वेधशाळेचे प्रमुख झाले. तारकासूचीचे उरलेले खंड त्यांनी प्रसिद्ध केले. रूपविकारी ताऱ्यांचे वेध यापेक्षाही अधिक काळ पडून राहिले. त्यांपैकी ३१ ताऱ्यांचे वेध टर्नर यांच्या पुढाकाराने १९०८मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनेच छापले. पॉगसन यांनी सुचवलेली डोंगरावरची वेधशाळा १८९९मध्ये कोडैकॅनाल येथे प्रत्यक्षात आली आणि मद्रासचे खगोलीय कामकाज तिकडे हलवले गेले. बंगळूर येथील भारतीय ताराभौतिकी संस्था आपली परंपरा मद्रास वेधशाळेपासून सांगते. नुंगमबाक्कम येथे आज हवामान विभागाचे केंद्र असून जुन्या वेधशाळेचा ग्रॅनाइटचा स्तंभ तेथे जतन केलेला आहे.

शोधलेले लघुग्रह

४२ आयसिस - १८५६, ऑक्सफर्ड
४३ एरियाड्ने - १८५७, ऑक्सफर्ड
४६ हेस्टिया - १८५७, ऑक्सफर्ड
६७ एशिया - १८६१, मद्रास
८० सॅफो - १८६४, मद्रास
८७ सिल्व्हिया - १८६६, मद्रास
१०७ कॅमिला - १८६८, मद्रास
२४५ व्हेरा - १८८५, मद्रास

सन्मान

लालांद पदक (४२ आयसिसच्या शोधासाठी)
कम्पॅनियन ऑफ द ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर (सी.आय.ई.), १८७८
चंद्रावरील एका विवरास पॉगसन यांचे नाव देण्यात आले आहे.
पॉल विल्ड यांनी १९६८मध्ये स्वित्झर्लंडमधील झिमरवाल्ड येथून शोधलेल्या, मुख्य पट्ट्यातील एका लघुग्रहास १८३० पॉगसन असे नाव देण्यात आले आहे.